पूजेतली काडतुसं

"वैजयंता, हात धुतलेत का?"

मी जेवणाच्या टेबलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसले होते. आईसाहेब, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघराच्या उंबऱ्यात तबक घेऊन उभ्या होत्या. दसऱ्याची दुपार होती. नऊ दिवसांच्या उपासानं त्यांचा चेहरा ओढला होता, पण आवाजाला उपास ठाऊक नव्हता.

"धुतलेत," मी म्हटलं.

"मग घ्या. उजव्या हातानं."

तबकात लाल रेशमी कापडावर रायफलची काडतुसं ओळीनं मांडलेली होती. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, वर झेंडूची एकेक पाकळी. पितळ इतकं लखलखीत पुसलेलं की मला वाटलं आता नवरीसारखी यांची ओटी भरायचीच तेवढी राहिली आहे. मी हसू दाबलं. आईसाहेबांसमोर देवाधर्माच्या बाबतीत हसायची सोय नव्हती.

"पहिला बार याच काडतुसांचा झाला पाहिजे," त्या म्हणाल्या. "रणूला सांगितलंय आम्ही. पण तो विसरेल. म्हणून तुम्हाला सांगतोय. बरोबर न्यायची जबाबदारी तुमची."

रणू म्हणजे रणधीर, माझे यजमान. वय वर्षं पन्नास, पेट्रोल पंपाचे मालक, रक्तात साखर, आणि डोक्यात लहानपणापासून एकच वेड, शिकार. आमच्या आजेसासऱ्यांची एक विलायती रायफल घरात होती. त्यांनी म्हणे तिच्यावर वाघ मारले. कायद्यानं शिकार बंद झाली तेव्हा हे शाळेत होते. मग ती रायफल दर रविवारी पुसायची, डोळ्याला लावायची, खिडकीतून समोरच्या नारळावर नेम धरायचा आणि पुन्हा कपाटात ठेवायची, असा यांचा नेम होता. "शेजाऱ्यांच्या नारळाला एवढी भीती कुणी घातली नसेल," असं मी म्हणायची. हे रागवायचे नाहीत. यांना रागवताच यायचं नाही.

पन्नाशीला यांनी ठरवलं, एकदा तरी रानात जाऊन खरी शिकार करायची. तिकडे आफ्रिकेत नामिबियाला परवाना काढून रीतसर शिकार करता येते. योहान नावाचा तिथला शिकारी लोकांना बरोबर नेतो, गव्यासारखा दांडगा रेडा असतो, त्याच्यामागे पायी चालायचं. सगळं यांनी कुणाकुणाला विचारून ठरवलं. मी म्हटलं, "तुम्ही एकटे गेलात तर गोळ्या कोण देणार वेळेवर?" हे म्हणाले, "बंदुकीच्या?" मी म्हटलं, "साखरेच्या." असं करून मीही निघाले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घर बंद करून जायला कुणाची अडचण नव्हती, एक आईसाहेब सोडल्या तर.

खरं म्हणजे इथून काडतुसं न्यायची गरजच नव्हती. योहाननं तिथे नवीन मागवून ठेवली होती. पण आईसाहेबांनी घट बसवायच्या दिवशी यांच्याकडून कपाटातली जुन्या काडतुसांची पेटी मागून घेतली. या घराण्यात पूर्वी मोठ्या शिकारीला निघताना काडतुसं नवरात्रात देवीपुढे ठेवायचे, खंडेनवमीला इतर शस्त्रांबरोबर त्यांची पूजा व्हायची आणि शिलंगणाला पहिला बार गावाच्या शिवेबाहेर काढायचे. आईसाहेब सून म्हणून आल्या तेव्हा हे सगळं त्यांनी पाहिलेलं. त्यांच्या मते मुलगा समुद्रापार चालला होता, म्हणजे याहून मोठं शिलंगण ते कोणतं?

नऊ दिवस देवघरात त्यांच्याशिवाय कुणाला पाऊल टाकायची परवानगी नसे. त्या सोवळ्यात आत जात, दार लोटून घेत आणि तास न् तास बाहेर येत नसत. आत काय चालतं ते मी लग्नानंतर कधी विचारलं नाही. मला माझा चहा बाहेर निवांत प्यायला मिळे, एवढं पुरे होतं.

मी तबक घेतलं. काडतुसं काट्यावर ठेवली. विमानात माणशी पाच किलोपर्यंत चालतात, बंदूक वेगळ्या पेटीत कुलूप लावून, काडतुसं वेगळी, दोन्ही मोठ्या सामानात, हातातल्या पिशवीत एकही नाही, असे सगळे नियम मी पाठ केले होते. यांच्यावर सोडलं असतं तर यांनी काडतुसं चकलीच्या डब्यात भरली असती.

"ते काट्यावर काय करताय?" आईसाहेबांनी विचारलं. "भाजी आहे का ती?"

"विमानवाले वजन विचारतात."

"विचारू देत. पुन्हा तबकात ठेवा. आणि त्या कागदी खोक्यात भरू नका. किती जणांचे हात लागलेत त्याला. आम्ही डबा काढून ठेवलाय."

डबा पितळी होता, देवीच्या दागिन्यांचा. त्यात रेशमी कापडात गुंडाळून त्यांनी काडतुसं स्वतः ठेवली. नियम सांगत होता, कारखान्याच्या मूळ खोक्यात ठेवा. आईसाहेब सांगत होत्या, देवीच्या डब्यात ठेवा. मी सुनेला शोभेल असं केलं. डबा बॅगेत ठेवला आणि त्या पाठमोऱ्या झाल्यावर जुनं खोकं चपटं करून साड्यांच्या खाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर ते खोकं काढायची वेळ आलीच.

बंदुकीची तपासणी सुरळीत झाली. कागद पाहिले, नळीचा नंबर पाहिला, शिक्के मारले. मग विमान कंपनीचे दळवी नावाचे एक अधिकारी आले. गोरेपान, नाकावर चष्मा, बोलणं अगदी मऊ. त्यांनी डबा उघडला, आणि रेशमी कापड, कुंकू, पाकळ्या बघून ते थबकले.

"मॅडम, हे काय आहे?"

"काडतुसं."

"ते दिसतंय. पण हे असं… हे अस्थी नेतात तसं दिसतंय."

"शुभ बोला हो," मी म्हटलं.

ते ओशाळले. "सॉरी. पण असं नाही नेता येणार. मूळ पॅकिंग पाहिजे. आत हलता कामा नयेत."

हे लगेच म्हणाले, "राहू द्या हो, वैजयंता. योहाननं नवी ठेवलीयत. ड्रायव्हर अजून बाहेर आहे, त्याच्याजवळ परत पाठवू."

"ड्रायव्हरच्या नावावर परवाना आहे?" दळवींनी विचारलं. "नसेल तर त्याच्याकडे नाही देता येणार. इथे पोलिसांकडे जमा करावी लागतील."

"मग करू जमा," हे म्हणाले. "त्यात काय?"

त्यांना काय होतं त्यात! घरी परतल्यावर आईसाहेबांना तोंड कुणी द्यायचं? हे पेट्रोल पंपावर जाऊन बसले असते. मी लग्नात आणलेली मोदकपात्रं आईसाहेबांच्या पसंतीची नव्हती, ते मी वीस वर्षं ऐकत होते. काडतुसं पोलिसांना देऊन आले असते तर माझ्या तेराव्यापर्यंत ऐकलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर मलाही ती न्यायची होती. देवीवर माझा फारसा भरवसा नव्हता, पण त्या बाईनं नऊ दिवस पाण्यावर काढले होते. मुलासाठी काढले होते. ते असं काउंटरवर टाकून जाणं मला जमेना.

"थांबा," मी म्हटलं आणि बॅग तिथेच फरशीवर उघडली. मागच्या रांगेतल्या बाईनं माझ्या साड्या बघून घेतल्या. बघू देत. मी खोकं काढलं, सरळ केलं, घडी बसवली.

दळवींनी ते हातात घेऊन पाहिलं. "हे मूळ खोकं आहे, ठीक. पण आतला खणांचा पुठ्ठा कुठाय? यात ती खुळखुळणार."

"नाही खुळखुळणार. तुमच्याकडे कात्री आहे का?"

"मॅडम, तुमच्यामागे लोक उभे आहेत."

"मी बाजूला बसते की. तुम्ही त्यांचं आटपा."

मी करंज्यांचा पुठ्ठ्याचा बॉक्स काढला. करंज्या यांच्या हातात दिल्या. साखर असलेल्या माणसाच्या हातात करंज्या देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं, पण इलाज नव्हता. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, खाचा पाडून एकमेकींत अडकवल्या, शाळेत हस्तकलेच्या तासाला करायचो तशा. एकेक काडतूस ओढणीनं पुसून खणात बसवलं. कुंकू निघालं, पाकळ्या निघाल्या. पितळाला देवघराचा वास मात्र येत होता, भीमसेनी कापराचा. आईसाहेब नंदादीपाच्या तेलात भीमसेनी घालत, वात स्वच्छ जळते म्हणून. आख्ख्या घरालाच नवरात्रात तो वास असे, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"तुम्ही वकील व्हायला हवं होतंत," हे करंजी खात म्हणाले.

"तुम्ही ती करंजी खाली ठेवा."

दळवींनी खोकं उचलून कानाशी हलवलं. आवाज नाही. उलटं केलं. आवाज नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "तुमच्यासारख्या बायका असल्या की नियमांचं काही खरं नाही," म्हणाले आणि चिठ्ठी चिकटवली. खोकं सरकत्या पट्ट्यावरून आत गेलं. मला अगदी गड जिंकल्यासारखं वाटलं. विमानात बसल्यावर मी यांना म्हटलं, "आता आईसाहेबांना फोन करून सांगा, काडतुसं निघाली म्हणून." तेवढ्यात फोन बंद करायला सांगितलं. राहून गेलं.

नामिबियाच्या उत्तरेला योहानचा तळ होता, तिथून फोन लागत नसे. काटेरी झुडपं, पांढरी माती, आणि उन्हाळा असा की सावलीही पोळायची. योहान हा साठीचा, बुटका, कमी बोलणारा माणूस. त्यानं यांची रायफल पाहिली आणि शीळ घातली. म्हणाला, अशी बंदूक आता बघायला मिळत नाही. हे लहान मुलासारखे लाजले. मग योहाननं आमची काडतुसं पाहिली.

"जुनी आहेत," तो म्हणाला.

"चांगली आहेत," हे म्हणाले. "उन्हाळ्यात रायफल क्लबात याच पेटीतली उडवून पाहिलीत मी. एकही फुसकं निघालं नाही."

योहाननं तरी इथे दोन उडवायला लावली. दोन्ही उडाली. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, ठीक आहे, तुमची मर्जी.

यांनी मला डोळा मारला. "पहिला बार आईचा. पहिला रेडा पडेपर्यंत बंदुकीत तिचीच, मग पुढं योहानची नवीन."

तिसऱ्या दिवशी सकाळी रेड्याचा माग लागला. मी गाडीतच थांबले. एका उंचवट्यावर गाडी उभी होती आणि ड्रायव्हर मला दुर्बिणीतून जिराफ दाखवत होता. निघताना हे म्हणाले, "गोळी घेतलीय बरं का. साखरेची." मी म्हटलं, "दुसऱ्या गोळीकडे लक्ष द्या." हे हसत योहानच्या मागून झुडपात शिरले. यांची चाल मला पाठमोरीच आठवते. नवी खाकी चड्डी, बारीक पाय, आणि मान अशी ताठ की त्या दिवशी यांना कुणी पेट्रोल पंपवाला म्हटलं नसतं.

बार ऐकू आला. एकच. ड्रायव्हरनं बोट वर केलं, लागला म्हणून. मी टाळी वाजवली. खोटं कशाला सांगू, मी टाळी वाजवली.

मग काहीच ऐकू आलं नाही. मग झाडी मोडल्याचा आवाज, आणि योहानच्या बंदुकीचे दोन बार, लागोपाठ.

यांनी मारलेली पहिली गोळी रेड्याला खांद्यात लागली होती. तो फिरून यांच्यावर आला. हे हलले नाहीत, पळाले नाहीत, असं योहान नंतर म्हणाला. दुसरं काडतूस आत सरकवलं, नेम धरला, घोडा ओढला. नुसता खट्ट आवाज झाला. तिसरं सरकवायला वेळच मिळाला नाही. योहान बाजूला होता, मध्ये हे आले होते. त्याला गोळी घालता आली तोवर उशीर झाला होता.

यांना ताडपत्रीवरून गाडीपाशी आणलं. पोटावर योहाननं आपला शर्ट दाबून धरला होता. वायरलेसवरून छोटं विमान बोलावलं होतं. ते यायला वेळ होता. मी यांचं डोकं मांडीवर घेतलं. चेहऱ्यावर काहीच लागलं नव्हतं.

"उडालंच नाही हो," हे म्हणाले. तक्रार नव्हती. नवल वाटल्यासारखं म्हणाले.

"बोलू नका."

"आईला नका सांगू उडालं नाही म्हणून. तिला वाटेल देवी कोपली."

"नाही सांगत."

"शपथ घ्या."

मी घेतली. मग पाणी मागितलं यांनी. योहान नको म्हणाला. मी ओढणी ओली करून ओठांना लावली. यांचे ओठ हलत होते, पण मला काही कळलं नाही. विमानाचा आवाज आला तेव्हा ड्रायव्हर धावत सुटला, हात हलवत. योहाननं मात्र शर्टावरचा हात काढून घेतला. मी त्याला म्हटलं, दाबून धर, दाबून धर, विमान आलंय. त्यानं ऐकलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी तळावरच्या लाकडी टेबलाशी बसले होते. सरकारी माणूस येऊन गेला होता. योहान ते न उडालेलं काडतूस घेऊन आला. माझ्यासमोर ठेवलं. मागे बुडाला घोडा आपटल्याचा खड्डा नीट पडलेला दिसत होता.

"बंदुकीची चूक नाही," तो म्हणाला. "तुमच्या नवऱ्याचीही नाही. मला बघायचंय काय झालं. तुम्हाला चालेल?"

मी मान हलवली. त्यानं पक्कड घेऊन गोळी पिरगाळून काढली आणि काडतूस कागदावर उपडं केलं. आतली दारू सुटी सांडायला हवी होती. तिचा एक काळा ओलसर गोळा पडला. त्यानं खोक्यातलं दुसरं उघडलं. तसंच. तिसरं कोरडं निघालं, चौथं पुन्हा ओलं.

"तेल," तो म्हणाला. "जुन्या काडतुसाचं बूड घट्ट राहत नाही. तेल हळूहळू आत जातं. काहींच्यात गेलं, काहींच्यात नाही. पुसल्याचा हात लागून एवढं जात नाही, बाई. ही कितीतरी दिवस तेलात बुडवून ठेवलीयत. तुमच्या नवऱ्याला माहीत होतं?"

मी कागद नाकाशी नेला. भीमसेनी कापूर. आमचं देवघर त्या कागदावर पडलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "यांना माहीत असतं तर हातात धरली नसती."

"मग कुणी ठेवली?"

"यांच्या आईनं."

योहाननं कागदाची पुडी केली, खोकं उचललं आणि म्हणाला, "हे मी इथेच नाहीसं करतो. तुमच्या घरी हे जायला नको." त्या माणसाला पुन्हा मी कधी भेटले नाही, पण इतकी शहाणी गोष्ट मला त्या दिवसांत दुसऱ्या कुणी सांगितली नाही.

यांना घेऊन मी घरी आले. अंगण माणसांनी भरलं होतं. आईसाहेब ओट्यावर बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत, कण्यात काठी असल्यासारख्या. रडत नव्हत्या. बायका मला त्यांच्याजवळ घेऊन गेल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे बांगड्या रुतल्या. मग कुणीतरी येऊन त्या फोडल्या.

सगळं उरकल्यावर, लोक पांगल्यावर त्यांनी मला आत बोलावलं.

"एक विचारतो. खरं सांगा."

"विचारा, आईसाहेब."

"काडतूस उडालं नाही म्हणतात लोक. पेपरात आलंय. ते कोणतं होतं? आमचं होतं का?"

वाटेत सगळ्या विमानांत मी हाच प्रश्न ऐकत होते. मी यांच्यापुढे शपथ घेतली होती. आणि शपथ नसती तरी सांगितलं नसतं. कुठल्या तोंडानं सांगणार? त्या बाईकडे आता दुसरं काय उरलं होतं?

"नाही," मी म्हटलं. "तिथलं होतं. तुमची काडतुसं मुंबईतच राहिली. विमानवाल्यांनी डबा नेऊ दिला नाही. पोलिसांकडे द्यावी लागली. त्यांनी ती मोडीत काढली."

त्यांच्या डोळ्यांत मी आधी सुटका पाहिली. मी शपथेवर सांगते, क्षणभर ती होती. मग दुसरंच काही आलं.

"तुम्ही दिलीत?"

"द्यावी लागली."

"नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस नंदादीपाच्या तेलात ठेवली होती ती आम्ही. समईखालच्या वाटीत. रोज तेल बदललं. एका वेळच्या पाण्यावर राहून रोज तेल बदललं. देवीचं तेज उतरलं होतं त्यांच्यात. ती काडतुसं फुकट गेली असती? ती उडाली नसती? अहो, ती नेमानं उडाली असती!"

मी तिथेच खाली बसले.

"आणि तुम्ही ती पोलिसाच्या हातात दिलीत. भांडला नाहीत. एक शब्द बोलला नाहीत. तुमचं काय जात होतं? आम्ही तुम्हाला सांगितलं होतं, जबाबदारी तुमची."

त्या तेव्हा रडल्या. इतका वेळ साठवलेलं सगळं रडल्या. मी जवळ गेले तर मला हातानं दूर लोटलं.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते एका वाक्यात सांगता येईल. त्या मोठ्या घरात आम्ही दोघीच होतो. येईल त्या पाहुण्याला त्या सांगत, माझ्यादेखत सांगत, "पूजेतली काडतुसं बरोबर असती तर रणू आज असता. पण आमच्या सूनबाईंना विमान गाठायची घाई होती." पाहुणे माझ्याकडे बघत आणि चहाच्या कपात तोंड घालत. नणंदा बोलायच्या बंद झाल्या. नवरात्रात मला हळदीकुंकवाच्या दिवशी खोलीत बसावं लागेच, पण आईसाहेब फुलं निवडायलाही हाक मारत नसत. एकदा मी जास्वंदीची परडी उंबऱ्यावर ठेवली. त्यांनी ती शेजारणीला देऊन टाकली.

मला संताप यायचा. का येऊ नये? मी भर विमानतळावर साड्या पसरून भांडले होते. या हातांनी पट्ट्या कापल्या, खण केले, एकेक काडतूस बसवलं. माझ्याइतकं दुसरं कुणी भांडलं नसतं. कितीदा शब्द जिभेवर आले. एकदा तर मी देवघराच्या दारापर्यंत गेले, सांगूनच टाकायचं म्हणून. आत त्या समईपुढे बसून वाटीत तेल ओतत होत्या. वाटीत काही नव्हतं. नुसतं तेल. त्यांच्या ओठांत यांचं नाव होतं. मी परत फिरले आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

शेवटच्या आजारात त्यांना मीच भरवायचे. दुसरं कोण होतं? हात थरथरायचे त्यांचे, पेज हनुवटीवरून ओघळायची. दोन महिने त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. मग एके सकाळी, ऊन अंथरुणावर आलं होतं, मी त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. हळू धरला.

"वैजयंता."

कितीतरी वर्षांनी त्यांनी माझं नाव घेतलं.

"आम्ही तुम्हाला माफ केलं," त्या म्हणाल्या.

माझा हात केसांत तसाच राहिला. मला ओरडावंसं वाटलं. तोंडात शब्द तयार होते, सगळे, इतक्या वर्षांचे. मी म्हटलं, "बरं, आईसाहेब."

"तुमची तरी काय चूक. तुम्हाला काय ठाऊक, काय जातंय हातातून." त्या थोडं थांबल्या. दम लागला होता. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, अगदी कोवळं. "आता रणू भेटेल. पहिल्यांदा त्याला हेच सांगणार आहोत. म्हणावं, वैजयंतावर राग धरू नकोस. ती काडतुसं तुझ्यापर्यंत पोचली असती तर तू वाचला असतास, पण तिला नाही जमलं. जाऊ दे."

"सांगा," मी म्हटलं.

"तो काही धरून ठेवणार नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. आईला सगळं सांगतो तो."

हो. ते मला माहीत होतं. आईनं विचारलं आणि यांनी लपवलं, असं उभ्या जन्मात झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी आईसाहेब गेल्या. बायकांनी त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, गंगाजल घातलं. मी देवघरात गेले. कुणी अडवायला नव्हतं. देवीपुढे बसले आणि हात जोडले. यांना पुन्हा भेटायला मिळावं म्हणून मी इतकी वर्षं रोज झोपताना मनात म्हणत आले होते, देवावर विश्वास नसताना म्हणत आले होते. तेच मी परत घेतलं. म्हटलं, आई, मेल्यानंतर काही असू नये. कुठलं गाव नको, कुठली भेट नको. त्या दोघांची नको, आणि मग माझीही नको.